उत्तर नको, कुठे अडलंय ते दाखव

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी बारावी सायन्सला आहे, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी. दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, मार्क चांगले पडायचे. आता फिजिक्स आणि मॅथ्सचं होमवर्क मला स्वतःहून जमतच नाही. क्लासची बॅच मोठी आहे, एकदा सरांना डेरिव्हेटिव्हचा डाउट विचारला तर सगळ्यांसमोर म्हणाले, एवढं साधं येत नाही तर सायन्स कशाला घेतलंस. तेव्हापासून हात वर केलेला नाही. गणिताचा फोटो काढते, ॲप नाहीतर एआय सोडवून देतं, ते वहीत उतरवते. वही पूर्ण असते पण टेस्टला बसलं की डोकं रिकामं. दादा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याला पाठवलं तर तो पाच मिनिटांत अख्खं सोडवून पाठवतो. हे चीटिंग आहे का? मदत मागायची तर कशी आणि कोणाकडे? बाबा म्हणतात पर्सनल ट्यूशन लाव, पण यंदा सोयाबीनचे किती आले ते मला माहितीये."

अगं, आधी त्या सरांबद्दल बोलते, कारण ते वाक्य तू अजून मनात धरून बसलीयेस असं दिसतंय. त्यांचं चुकलं. डेरिव्हेटिव्हचा डाउट विचारणारी मुलगी वर्गात असणं ही शिकवणाऱ्यासाठी चांगली गोष्ट असते, एक विचारते तेव्हा मागच्या बाकावर दहा जणांना तोच डाउट असतो आणि त्यांची बोलायची हिंमत नसते. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते म्हणून खात्रीने सांगतेय. हे वाचणाऱ्यांमध्ये कोणी क्लास घेणारे असतील तर त्यांनाही हात जोडून सांगते, असं एक वाक्य तुम्ही संध्याकाळपर्यंत विसरता पण पोरगी वर्षभर गप्प बसते.

आणि तुला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलतेय ते काढणं, जड का गेलं याचं एक अगदी सरळ कारण आहे, त्यात तुझ्या डोक्याचा काही दोष नाही. स्टेट बोर्डाचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक काढून बघ, दुसराच धडा मॅथेमॅटिकल मेथड्स, त्यात व्हेक्टर आणि पाठोपाठ डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची ओळख, म्हणजे कॉलेज सुरू होऊन तू वर्गात जेमतेम रुळतेयस तोवर हे आलं. आता मॅथ्सचं पुस्तक बघ, लिमिट्स, कंटिन्युइटी, डिफरन्सिएशन हे पार्ट टूचे शेवटचे तीन धडे, आणि इंटिग्रेशन तर थेट बारावीत. म्हणजे फिजिक्सवाले जे आधीच वापरून मोकळे होतात ते मॅथ्सवाले कित्येक महिन्यांनी नीट शिकवतात, मधल्या काळात पोरं फॉर्म्युले पाठ करून दिवस ढकलतात, त्यात भाषा बदललेली, सगळं इंग्रजीत, आणि वर्षाच्या शेवटी मॅथ्समध्ये तो धडा येतो तेव्हा पोर्शन संपवायची घाई. तुझ्यासारख्या हुशार मुलींचा पाया नेमका इथेच कच्चा राहतो आणि त्यांना वाटत राहतं की आपल्यालाच कळत नाहीये.

आता चीटिंगचं. होमवर्क उतरवलंस म्हणून मी तुला रागावणार नाही, पण त्याने एक नुकसान होतंय ते सांगते. तुझी वही बघून सरांना, दादाला, बाबांना सगळ्यांना वाटतं की हिला येतंय. वही पूर्ण आहे म्हणून सर पुढच्या धड्यावर जातात. तुला काय येत नाही हे सांगणारी एकच गोष्ट होती, ती वही, आणि तीच तू खोटी करून ठेवलीस. म्हणून माझं पहिलं सांगणं थोडं विचित्र वाटेल, होमवर्क अर्धवट दे. जिथपर्यंत स्वतःला आलं तिथपर्यंत लिही, जिथे अडलं तिथे पेन्सिलने रेघ मार आणि शेजारी लिही "इथून पुढे कळलं नाही, कारण..." आणि ते कारण लिहायचा प्रयत्न कर. सुरुवातीला कारण लिहिताच येणार नाही, नुसतं "काहीच कळत नाही" असं येईल, पण चारपाच गणितं अशी केलीस की ते कारण बारीक होत जातं, आणि जेवढं बारीक होईल तेवढी मदत मिळणं सोपं. सगळा खेळ एवढाच आहे गं. मदत कोणाकडून घेतेस यापेक्षा आपण नेमके कुठल्या ओळीवर अडलोय हे तुला माहिती असणं जास्त महत्त्वाचं.

एक उदाहरण घेऊ, तुझ्याच पोर्शनमधलं. रोटेशनल डायनॅमिक्स, बँक्ड रोड, म्हणजे वळणावर आतल्या बाजूला उतरता केलेला रस्ता. फ्रिक्शन नाही धरलं तर पुस्तक म्हणतं एन कॉस थीटा बरोबर एमजी (एन म्हणजे पृष्ठभाग वस्तूला काटकोनात देतो तो जोर, एमजी म्हणजे वजन, थीटा म्हणजे उताराचा कोन). आणि अकरावीपासून तू उतारावरच्या ठोकळ्यासाठी शिकलीस की एन बरोबर एमजी कॉस थीटा. दोन्हीकडे तिरपा पृष्ठभाग, दोन्हीकडे फ्रिक्शन नाही, मग एन वेगळा कसा? आता तू दादाला गणिताचा फोटो टाकून "हे सोडव ना" म्हणालीस तर तो सोडवून पाठवणार, त्यात पहिलीच ओळ एन कॉस थीटा बरोबर एमजी, तू उतरवणार, आणि मूळ प्रश्न तसाच राहणार. त्याच्याऐवजी असं लिही: "दादा, उतारावर आपण एन बरोबर एमजी कॉस थीटा घेतो, मग बँकिंगला उलटं का?" बघ, या मेसेजला तो सोल्युशन पाठवूच शकत नाही, त्याला समजावून सांगावंच लागेल, आणि बहुतेक त्याला स्वतःलाही दोन मिनिटं विचार करावा लागेल.

उत्तर तुला सांगूनच टाकते. ठोकळा उतारावरून घसरतो तेव्हा त्याचं ॲक्सिलरेशन उताराच्या दिशेने असतं, म्हणून उताराला काटकोनात सगळं बॅलन्स होतं, तिथून एन बरोबर एमजी कॉस थीटा येतं. गाडी वळणावर घसरत नाहीये, ती आडव्या वर्तुळात फिरतेय, तिचं ॲक्सिलरेशन आडवं आहे, वर्तुळाच्या केंद्राकडे, त्यामुळे बॅलन्स होतं ते उभ्या दिशेत, म्हणून एन कॉस थीटा बरोबर एमजी. म्हणजे मुद्दा कोनाचा नव्हताच, ॲक्सिलरेशन कुठल्या दिशेला आहे हा होता. ही एक गोष्ट पक्की बसली की कोनिकल पेंड्युलम, म्हणजे दोरीला बांधून आडव्या वर्तुळात फिरवलेला गोळा, तोसुद्धा आपोआप सुटतो, तिथेही तेच आहे, फक्त एनच्या जागी दोरीतलं टेन्शन.

आणि हे स्वतःचं स्वतः तपासताही येतं, कोणाला न विचारता. चुकीचा एन घेऊन गणित पुढे नेलंस तर व्ही स्क्वेअर बरोबर आरजी साइन थीटा कॉस थीटा येतं, बरोबर एन घेतलास तर आरजी टॅन थीटा (व्ही म्हणजे गाडीचा स्पीड, आर म्हणजे वळणाची त्रिज्या). आता थीटा वाढवत ने. चुकीचा फॉर्म्युला सांगतो की ४५ डिग्रीनंतर लागणारा स्पीड कमी कमी होत जातो आणि रस्ता पार उभा केला तर शून्य, म्हणजे उभ्या भिंतीवर गाडी थांबवून ठेवली तरी चालेल! असं कधी होईल का? जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये बाइकवाला जीव तोडून स्पीड ठेवतो तो उगाच नाही. (तिथे फ्रिक्शन असतं, हिशोब वेगळा आहे, पण उभ्या भिंतीला स्पीड लागतोच.) उलट थीटा १० डिग्री वगैरे छोटा असेल तर दोन्ही फॉर्म्युल्यांची उत्तरं जवळपास सारखीच येतात, म्हणून एखाद्या गणितात उत्तर जुळलं यावर खुश होऊ नकोस. उत्तर आल्यावर दोन टोकं तपासायची, थीटा शून्य केला तर काय, खूप मोठा केला तर काय. युनिट्स जुळतात का ते बघायचं. याला मिनिटही लागत नाही आणि ही सवय परीक्षेत खूप उपयोगी पडते.

कॅल्क्युलसचं, म्हणजे डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनचं, बघू. पत्राचा जो भाग मी वर दिला नाही त्यात तू लिहिलंस की ॲप्लिकेशन्स ऑफ डेरिव्हेटिव्ह्जमध्ये काहीच सुधरत नाही. तिथलं ठरलेलं गणित, ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलीये, खालचं टोक सेकंदाला २ मीटरने भिंतीपासून लांब सरकतंय, ते भिंतीपासून ४ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय. खालच्या टोकाचं भिंतीपासूनचं अंतर एक्स, वरच्या टोकाची उंची वाय, पायथागोरस लावला, एक्स स्क्वेअर अधिक वाय स्क्वेअर बरोबर २५. इथे पुष्कळ मुलं एक गोष्ट करतात, एक्सच्या जागी लगेच ४ टाकतात, वाय ३ येतो, आणि मग डेरिव्हेटिव्ह घ्यायला जातात तर हातात नुसते आकडे, आकड्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य, आणि तिथे गाडी बंद पडते. एक्स बदलतोय म्हणून तर गणित आहे ना, त्याला ४ वर आधीच थांबवला तर बदलणार काय? आधी दोन्ही बाजूंचं टीच्या, म्हणजे वेळेच्या, हिशोबाने डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, एक्स गुणिले डीएक्स बाय डीटी अधिक वाय गुणिले डीवाय बाय डीटी बरोबर शून्य, आणि मग आकडे टाकायचे. ४ गुणिले २ अधिक ३ गुणिले डीवाय बाय डीटी बरोबर शून्य, उत्तर मायनस ८/३ मीटर पर सेकंद, मायनस कारण वाय कमी होतोय.

हे सोल्युशन ॲपमध्येही असतंच, अगदी याच क्रमाने. पण "मी आधी ४ टाकले तर का चालत नाही" याचं उत्तर ॲपच्या सोल्युशनमध्ये नसतं, कारण तू ते विचारलेलंच नसतं. आणि अजून एक, खालचं टोक ५ मीटरच्या अगदी जवळ नेऊन बघ, वाय शून्याकडे जातो आणि वरच्या टोकाचा वेग वाढत वाढत अफाट होतो, प्रकाशाच्या वेगापेक्षाही जास्त येईल! खऱ्या शिडीचं असं होत नाही, तिचं वरचं टोक त्याआधीच भिंत सोडतं, म्हणजे पायथागोरसचं समीकरणच तिथे लागू राहत नाही. असा प्रश्न तुझ्या फिजिक्सच्या सरांना विचारून बघ, कॉलेजच्या, क्लासच्या नाही. लेक्चर संपल्यावर स्टाफरूममध्ये जा, वही उघडून ती ओळ दाखव, "सर इथे असं का" एवढंच. सगळ्या वर्गासमोर हात वर करायची गरजच नाही. तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजमध्ये स्टाफरूममध्ये डाउट घेऊन येणारी मुलं फार कमी असतात, क्लासमुळे सगळ्यांनी कॉलेजच्या शिक्षकांना विचारणं सोडलंय, आणि तिथे जीव लावून शिकवणारी माणसं बसलेली असतात. पहिल्यांदा पाय जड होतील, मैत्रिणीला बरोबर ने.

एआयबद्दल तू विचारलं नाहीस तरी सांगते, कारण वापरणार तर आहेसच आणि वापर, माझी हरकत नाही. पण फोटो टाकून सोडवून घेणं बंद कर. फोटोतली आकृती ते चुकीची वाचू शकतं, आणि चुकीचं उत्तरसुद्धा बरोबर उत्तराइतक्याच खात्रीने देतं, तुला फरक कळणार नाही कारण तेच तर तुला शिकायचंय. त्याऐवजी तुझ्या स्वतःच्या ओळी टाइप कर आणि सांग, "पूर्ण सोडवू नकोस, तिसऱ्या ओळीत माझी चूक आहे का, असेल तर फक्त एक हिंट दे." मराठीत विचारलंस तरी चालतं. हिंट मिळाली की मोबाईल लांब ठेवून पुढचं स्वतः. आणि कोणाच्याही मदतीने गणित सुटलं, दादा असो सर असो एआय असो, दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर काही न बघता परत सोडवायचं. नाही आलं तर ते अजून सुटलेलं नाही, परत पेन्सिलची रेघ.

विचारायच्या आधी स्वतः किती वेळ झगडायचं? वीसएक मिनिटं. आकृती काढायची, काय दिलंय काय काढायचंय ते शब्दात लिहायचं, हवं तर मराठीत. त्यापेक्षा जास्त वेळ एकाच गणितावर डोकं धरून बसू नकोस, बोर्डाचं वर्ष आहे, आणि पाच मिनिटांत हारही मानू नकोस.

इंटिग्रेशनमध्ये मुलींना एक भलतंच टेन्शन येतं ते पण सांगून ठेवते. साइन एक्स कॉस एक्सचं इंटिग्रेशन तू केलंस आणि साइन स्क्वेअर एक्स बाय २ आलं, पुस्तकाच्या मागे मायनस कॉस २एक्स बाय ४ दिलंय, झालं, चुकलं म्हणून खाडाखोड. चुकलेलं नाहीये! दोन्हींत फक्त १/४ चा फरक आहे आणि तो प्लस सीमध्ये, म्हणजे इंटिग्रेशनच्या शेवटी लिहितो त्या स्थिर आकड्यात, जातो. म्हणून इंटिग्रेशनचं उत्तर पुस्तकाशी जुळवून बघण्याआधी त्याचं डेरिव्हेटिव्ह घे, मूळ फंक्शन परत आलं की तू बरोबर, पुस्तक काहीही म्हणो. हे गणित तपासायला कोणाचीच गरज नाही, ना सरांची ना ॲपची, आणि हे पहिल्यांदा करून बघशील तेव्हा किती बरं वाटतं ते मला कळव.

फुकटातल्या गोष्टी बऱ्याच आहेत, दोनच सांगते म्हणजे गोंधळ नको. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये ई-बालभारतीवर मिळतात, अकरावीचं मॅथ्स पार्ट टू दिलं असशील कोणाला तर ते उतरवून घे आणि शेवटचे तीन धडे परत कर, सोडवलेली उदाहरणं झाकून. दुसरं म्हणजे फेट सिम्युलेशन्स, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची, मोबाईलवर चालतात. ती कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केली, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं, आणि त्या माणसाने पुढे नुसत्या लेक्चरने फिजिक्स कळत नाही, मुलांनी स्वतः करून बघितलं पाहिजे, हे सांगण्यात आयुष्य घातलं. त्यात कॅल्क्युलस ग्राफर म्हणून एक आहे, बोटाने वक्र ओढायचा आणि खाली त्याचं डेरिव्हेटिव्ह आपोआप बदलताना दिसतं, वक्राची चढण वाढली की खालची रेघ वर, माथ्यावर आली की शून्य. अर्धा तास त्याच्याशी खेळ, मॅक्झिमा मिनिमाचा निम्मा धडा डोळ्यांना कळेल.

सीईटीच्या ट्रिक्सच्या मागे आत्ता लागू नकोस. मला माहितीये क्लासमध्ये तेच चालतं, मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणून प्रत्येक गोष्टीला शॉर्टकट. पण बोर्डात स्टेप्सना मार्क आहेत, अर्धं गणित बरोबर लिहिलंस तरी काहीतरी मिळतं, आणि ज्याला स्टेप्स येतात त्यालाच शॉर्टकट नीट वापरता येतो.

दादाला मात्र स्पष्ट सांग. त्याचं प्रेमच आहे ते, बहीण अडलीये म्हणून पटकन सोडवून देतो, पण त्याला सांग की दादा मला सोडवून नको, रविवारी अर्धा तास फोनवर बस, मी माझ्या अडलेल्या ओळी वाचून दाखवते आणि तू मलाच उलटे प्रश्न विचार. आठवडाभराच्या सात-आठ ओळी जमतील, तेवढ्या पुरे. आणि वर्गातली एखादी मैत्रीण धर जिला केमिस्ट्री किंवा बायो जड जातंय, तिला तू ते समजाव, ती तुला मॅथ्स, दोघींचा फायदा आणि फी शून्य.

ट्यूशनचं. आत्ता लावू नकोस. बाबांना सांग एक महिना थांबा. महिनाभरात त्या पेन्सिलच्या रेघा जमतील, त्या एका कागदावर उतरव आणि बघ त्या कुठे कुठे पडल्यात. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त रेघा ट्रिगनॉमेट्रीवर पडतील, कॅल्क्युलस म्हणून आपण ज्याला घाबरतो त्यात पुष्कळदा साइन कॉसचे फॉर्म्युलेच आठवत नसतात, आणि तसं असेल तर तो कागद घेऊन दादाकडे किंवा कॉलेजच्या मॅथ्सच्या सरांकडे जा, आठवड्याभराचं काम आहे. रेघा सगळीकडे पसरलेल्या असतील आणि स्टाफरूममधूनही काही जमत नसेल, तरच ट्यूशन, तीही वर्षभराची नको, त्या त्या धड्यांपुरती, आणि ठरवायला जाताना तो कागद बरोबर ने. जो शिक्षक आधी तो कागद वाचेल आणि फीचं नंतर बोलेल त्याच्याकडे जा.